काडतुसाची हाव आणि नळीचे आयुष्य

कारखान्याने ठरवून दिलेल्या मापाचे काडतूस घेऊन त्याच्या पितळी पुंगळीचे तोंड आवळणे किंवा रुंदावणे, तिचे खांदे अधिक उभे करणे, प्रसंगी तिची लांबीही कमी करणे आणि मग त्या नव्या पुंगळीच्या मापाने रायफलची नळी कोरून घेणे, या खटाटोपातून जी काडतुसे जन्माला येतात त्यांना बंदूकविद्येत ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. कोणत्याही कारखान्याच्या यादीत नसलेली, हौशी नेमबाजांनी आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी स्वतःच्या गरजेपोटी घडवलेली ही काडतुसे विसाव्या शतकात विशेषतः अमेरिकेत फोफावली. त्यांतील काही इतकी गुणी निघाली की कारखान्यांनीच पुढे ती आपलीशी केली. १९१५ सालच्या .२५० सॅव्हेज काडतुसाचे तोंड आवळून हौशी मंडळींनी बनवलेले .२२-२५० हे काडतूस रेमिंग्टन कंपनीने १९६५ साली बाजारात आणले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. या सगळ्या उद्योगामागची इच्छा एकच असते: तीच रायफल, पण गोळी अधिक वेगाने आणि अधिक सपाट मार्गाने जावी. या इच्छेची किंमत नळी मोजते, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय ती किंमत हाच आहे.

काडतुसाचे चार भाग असतात: दारू सामावून घेणारी पुंगळी, तिच्या बुडाशी पेट देणारा प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. पुंगळीचे धड रुंद आणि तोंड अरुंद असेल तर मधल्या उताराला खांदा म्हणतात. हा उतार जितका उभा आणि धडाचा निमुळतेपणा जितका कमी, तितकी आत जागा अधिक. अमेरिकेतील पी. ओ. ॲक्ली यांनी ४० अंशांच्या खांद्याची जी ‘सुधारित’ काडतुसे लोकप्रिय केली, त्यांचे सारे रहस्य या वाढीव जागेत होते. तथापि दाब तेवढाच ठेवून पुंगळीची जागा आठ टक्के वाढवली, तर गोळीचा वेग साधारण दोन टक्केच वाढतो, असा या क्षेत्रातील ढोबळ हिशेब आहे. वाढलेल्या दारूचा मोठा हिस्सा गोळीला न ढकलता केवळ अधिक वायू आणि अधिक उष्णता निर्माण करतो, आणि ती उष्णता त्याच अरुंद भोकातून बाहेर पडते. भोकाच्या क्षेत्रफळाच्या मानाने दारू फार झाली की त्या काडतुसाला ‘ओव्हरबोअर’ म्हणतात.

दारूचा जोर आणि नळीची सहनशक्ती यांचा तोल साधण्याचा प्रश्न काडतुसाच्या जन्माच्याही आधीचा आहे, आणि त्याची मोठी साक्ष धाराशिव जिल्ह्यातच मिळते. अहमदनगर येथे १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमी या तोफ ओतणाऱ्याने निजामशाहीसाठी घडवलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती तेथून विजापूरला हलवली. लांबी सुमारे ४.४५ मीटर, भोक सुमारे ७० सेंटिमीटर आणि बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, म्हणजे भोकाभोवती दोन्ही बाजूंना जवळपास ४० सेंटिमीटर जाडीची धातूची भिंत. ओतीव धातूत सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील आहे. नेहमीच्या तोफेच्या काशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास असते. विसावर गेले की धातू घंटेसारखा कठीण होतो, पण ठिसूळही होतो. असा धातू निवडल्यावर तो फुटू नये म्हणून भिंत अवाढव्य करावी लागली, आणि भिंत अवाढव्य झाल्यामुळे तोफेचे वजन सुमारे ५५ टनांवर गेले. या तोफेची लांबी भोकाच्या साडेसहा पटही नाही, याचा अर्थ जड गोळा जवळून आदळवणे हे तिचे काम होते, दूरचा नेम हे नव्हे. याच जिल्ह्यातील नळदुर्गाच्या उपळी बुरुजावर १८ आणि २१ फूट लांबीच्या ज्या दोन तोफा आहेत, त्यांचा विचार नेमका उलट दिशेचा आहे, कारण उंचावरून दूरवर मारा करणाऱ्याला लांब नळी लागते. विजापूरची तोफ पाहणारा प्रवासी तिच्या तोंडावरील हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे कौतुक करून परततो. त्या नक्षीपेक्षा ४० सेंटिमीटरची भिंत अधिक बोलकी आहे, पण तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

काळ्या दारूच्या काळात नळीचा शत्रू मुख्यतः काजळी आणि गंज हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली आणि शत्रू बदलला. ब्रिटिश सैन्याने १८८८ साली स्वीकारलेली .३०३ ची ली-मेटफर्ड रायफल मुळात काळ्या दारूसाठी आखलेली होती, आणि काजळी साचू नये म्हणून तिच्या नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, उथळ आणि गोलसर कडांच्या ठेवल्या होत्या. १८९१ नंतर त्याच काडतुसात कॉर्डाइट भरले जाऊ लागले. कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन, नायट्रोसेल्युलोज आणि थोडे व्हॅसलीन यांचे दोरीसारखे काढलेले मिश्रण असून त्याच्या पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ५८ टक्के होते. त्याच्या उष्ण वायूंपुढे ते उथळ आटे भराभर झिजले, म्हणून १८९५ साली त्यांच्या जागी खोल आणि चौकोनी कडांचे एनफिल्ड आटे आले. रायफलचे ‘ली-एनफिल्ड’ हे नाव या झिजेतून आले. एवढ्यानेही भागेना. बोअर युद्धातील अनुभवानंतर कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर उतरवले गेले, म्हणजे नळी वाचवण्यासाठी दारूच थंड करावी लागली.

झीज नेमकी कोठे होते, हेही पाहण्यासारखे आहे. गोळी पुंगळीतून सुटून आट्यांत शिरते तेथे नळीचा गळा असतो, आणि ज्वाळेचे तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असताना वायूचा सर्वांत जोराचा मारा त्या गळ्यावरच होतो. पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळते. तरी नळी टिकते, कारण हा सारा प्रकार एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपतो. मात्र प्रत्येक बाराला पृष्ठभागाचा पातळ थर क्षणात तापतो, वायूंतील कार्बन शोषून कडक होतो, लगेच थंड होऊन आकसतो, आणि काही शे बारांनंतर तेथे उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा दिसू लागतात. पुढच्या बारांचा वायू या भेगांच्या कडा खात जातो, गळा पुढे सरकतो आणि नेम बिघडतो. लक्ष्यवेधी नेमबाजांच्या अनुभवानुसार .३०८ विंचेस्टर काडतुसाची नळी पाच हजार बारांपर्यंत अचूक राहते, तर त्याच पुंगळीचे तोंड आवळून बनलेल्या .२४३ विंचेस्टरची नळी दोन हजारांच्या आतच थकते. नळीत प्रत्यक्ष आग खेळल्याचा वेळ एकत्र मोजला, तर .२४३ च्या नळीचे आयुष्य जेमतेम काही सेकंदांचे भरते.

पुंगळीचा आकार बदलताना दुसरी अडचण पितळाची. पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. तोंड आवळताना ते दबून कडक होते आणि त्यात ताण अडकून राहतो. या ताणाचा मूळ धडा भारतातच मिळाला. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली असता त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातील अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकलेला ताण या तिहींचा तो परिणाम होता, हे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. उपाय साधा निघाला: पुंगळी हलकी तापवून हा ताण मोकळा करणे. वाइल्डकॅट पुंगळी घडवणारा आज तिची मान तापवून नरम करतो, तेव्हा तो हाच उपाय वापरत असतो.

नव्या मापांच्या काडतुसांना भारताने एकदा कायद्याच्या अंगानेही चालना दिली. लष्करी काडतुसे व त्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारतात .४५० व्यासाच्या खासगी रायफलींवर बंदी घातली, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी मोठ्या शिकारीसाठी .४६५, .४७० आणि .४७५ अशी मापे पुढे आणली. हॉलंड अँड हॉलंडचे .५००/.४६५ हे काडतूस तर नावाप्रमाणेच .५०० ची पुंगळी आवळून घडलेले आहे. लष्कराच्या .३०३ ऐवजी खासगी वापरासाठी भारतात रुळलेली .३१५ बोअरची रायफलही याच धोरणाचे अपत्य असून तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचे आहे. इथे वेगाची हौस नव्हती, केवळ कायद्यातून वाट काढायची होती. तरीही या काडतुसांत रुंद भोक आणि बेताचा दाब राखल्यामुळे त्यांच्या नळ्या दीर्घायुषी ठरल्या.

उलट वेगाच्या हौसेने काय होते ते विंचेस्टरच्या १९३५ सालच्या .२२० स्विफ्ट काडतुसाने दाखवले. सेकंदाला साडेबाराशे मीटरच्या आसपास वेग देणारे हे काडतूस जितके गाजले, तितकेच नळ्या जाळणारे म्हणून बदनामही झाले. गेल्या दोन दशकांतील शहाणपण वेगळे आहे. २००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूर काडतुसात पुंगळी बेताची ठेवून गोळी मात्र लांब, जड आणि टोकदार घेतली गेली. नळीतून निघतानाचा वेग थोडा कमी असला तरी अशी गोळी हवेत वेग कमी गमावते, वाऱ्याने कमी ढळते आणि दूरच्या अंतरावर जास्त दारूच्या काडतुसाला गाठते. पुण्याच्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेने छोट्या कार्बाइनसाठी घडवलेल्या ५.५६ बाय ३० मिलिमीटर काडतुसामागेही हाच विवेक आहे. आखूड नळीत लांब पुंगळीतील दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली आग तोंडाशी भडकते, म्हणून तेथे पुंगळीच आखूड केली गेली.

म्हणून चांगले काडतूस आखणाऱ्याने आधी अंतर, मग गोळी, मग नळी आणि सर्वांत शेवटी दारू ठरवावी. हा क्रम उलटा फिरवणाऱ्या वाइल्डकॅटकारांची नावे नेमबाजीच्या इतिहासात राहिली, पण त्यांच्या नळ्या दरसाल बदलाव्या लागल्या. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे वा दारूगोळा बनवणे हा गुन्हा असल्यामुळे या विद्येचे प्रयोग घरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या तरुणांना तिची ओढ असेल त्यांनी धातुशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकी शिकावी. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना, भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना आणि पुण्यातील संशोधन संस्था महाराष्ट्रातच आहेत, आणि नळीची झीज कमी करण्याचे काम तेथे अजून संपलेले नाही.