संदर्भांचा हजेरीपट



ज्या माणसाने महाविद्यालयाची पायरी चढली नाही, त्याने शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यामुळे एक कागद मला चांगला वाचता येतो. तो म्हणजे हजेरीपट. कोण कामावर आला, किती दिवस भरले, हे त्यात असते. नाव गळले की मजुरी बुडते. निबंधाच्या शेवटी येणारी संदर्भांची यादी हा विद्येच्या कामाचा हजेरीपट आहे, असे मी समजतो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला खोडदबाहेर जाण्याचे कारण नाही. आपल्या शिवारातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी आहेत आणि 16 तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. या दुर्बिणीची ओळख करून देणारा एक लेख 1991 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. खंड 60, पान 95. आजही जगभरचे संशोधक त्याचा उल्लेख ‘स्वरूप व इतर, 1991’ असा करतात. हे ‘इतर’ कोण? डॉ. गोविंद स्वरूप यांच्यासह त्या लेखाचे सहा लेखक आहेत. मजकुराच्या ओघात ‘व इतर’ लिहिणे सोयीचे आहे, त्याला माझी हरकत नाही. मात्र अखेरच्या यादीत बाकीच्या पाचांची नावे यावीत, एवढी जागा कागदावर असतेच.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. या दुर्बिणीच्या निरीक्षणांवर लिहिलेल्या निबंधांच्या शेवटी, ही निरीक्षणे जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांमुळे शक्य झाली, असे आभार मानण्याची रीत आहे. परदेशातला विद्वानसुद्धा ते वाक्य लिहितो. संघटनेच्या माणसाला याहून गोड वाक्य कोणते असणार? तरीही एक भेद ध्यानात घ्या. आभार वेगळे आणि संदर्भ वेगळा. आभाराने ऋण मान्य होते. संदर्भाने वाचकाला मुळापर्यंत जाण्याची वाट मिळते. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

आता जरा अवघड प्रसंग घेऊ. 2010 ते 2012 या काळात याच दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर आकाशाची मोठी पाहणी केली. पुढे तीच साठवलेली निरीक्षणे घेऊन इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर नव्याने संस्करण केले, आणि 2017 साली सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. पीक एकाने काढले, मळणी दुसऱ्याने केली. आता त्या सूचीतला आकडा वापरणाऱ्याने कोणाचे नाव घ्यावे? माझे उत्तर असे की, सूची करणाऱ्यांचा संदर्भ द्यावा आणि मूळ पाहणी कोणती हेही सांगावे. एकाला वर चढवण्यासाठी दुसऱ्याला पुसण्याची गरज नाही.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, ठेच लागून बोलतो. पंचवीस वर्षांमागे एका कामगाराच्या ग्रॅच्युइटीचा दावा मी चालवीत होतो. एका पत्रकात उच्च न्यायालयाचा एक निवाडा खंड व पान यांसह छापला होता. मी तो तसाच उतरवला. मूळ ग्रंथ वाचनालयात होता. मी तो उघडला नाही. सुनावणीत अधिकाऱ्यांनी ते पान काढले, तर तिथे भलताच खटला! त्यांनी शांतपणे विचारले, “तुम्ही हे वाचले होते काय?” मला मान खाली घालावी लागली. योग्य निवाडा शोधून दावा पुन्हा उभा करीपर्यंत दीड वर्ष गेले. ते दीड वर्ष माझे नव्हते. ते त्या कामगाराच्या म्हातारपणातले होते.

म्हणून इथल्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगतो. जे वाचले नाही, त्याचा हवाला देऊ नका. दुसऱ्याच्या पुस्तकात पाहिले असेल, तर मूळ लेखक अमुक आणि मी वाचले ते तमुकाच्या पुस्तकात, असे सरळ लिहा. शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे द्या. शब्द आपले केले तरी विचार ज्याचा त्याचाच राहतो, तेव्हा तिथेही नाव द्या. आणि लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पान हे टिपण वाचतानाच करून ठेवा. महिनाअखेर आठवणीने भरलेला हजेरीपट कधी खरा निघत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या पानाच्या आकड्याने काय बिघडते? मजुराच्या हजेरीतला एक दिवस चुकला तर काय बिघडते, हे त्याच्या घरी जाऊन विचारावे. तुमच्या पुढच्या निबंधात आपल्या या तबकड्यांविषयी लिहाल, तेव्हा माहिती कुठून घेतली ते खाली लिहा. मी ते पान आधी पाहीन.