संप आणि कामावर जाणारा कामगार
(उंद्री येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा प्रश्न दिसायला साधा आहे, पण घराघरांत भांडण लावणारा आहे. संप चालू आहे. गेटवर आपलेच सहकारी बसले आहेत. अशा वेळी त्यांना ओलांडून कोणी कामावर जावे काय? आणि कोणी गेलाच, तर त्याच्याशी आपण कसे वागावे? २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि हा प्रश्न खेड्यापाड्यांच्या दारात आला. एकीकडे तुटपुंज्या पगाराचे चालक-वाहक, दुसरीकडे पासवर शाळा-कॉलेजला जाणारी मुले. दोन्ही आपलीच.

प्रथम संपकऱ्याची बाजू पाहू. कामगाराजवळ ना पैसा, ना सत्ता. श्रम थांबवणे एवढीच त्याची शक्ती, आणि तीही सर्वांनी मिळून थांबवले तरच. थोडे जरी आत गेले तरी बोलणी करण्याची मालकाची निकड कमी होते. शिवाय संपामुळे पगार वाढला तर तो आत गेलेल्यालाही मिळतो. उपास एकाने काढायचा आणि जेवायला दोघांनी बसायचे! म्हणून संपफोड्याविषयी कामगार वस्तीत जो राग असतो, तो उगाच नसतो.

संपाचा हा हक्क बाबासाहेबांनी प्राणपणाने जपला. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी विधिमंडळात बजावले की कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्यांच्याशी तीव्र मतभेद, त्यांच्याही खांद्याला खांदा लावला.

परंतु मित्रहो, याच बाबासाहेबांनी १९२९ चा गिरणी संप मान्य केला नव्हता आणि कामावर जाऊ इच्छिणाऱ्या अस्पृश्य कामगारांची बाजू घेतली होती. हे आपण लपवू नये, समजून घ्यावे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितले की सर्व खाती आमच्या लोकांना खुली करा, नाहीतर आम्ही संपातून बाजूला होऊ. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. त्यावर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! म्हणजे दार मालकाने नव्हे, शेजारच्या कामगारानेच लावले होते. आणि लांबलेल्या संपात आधी मोडतो तो कमी पगाराचा, कर्जबाजारी माणूस.

यातून काय शिकावे? एकी मागणाऱ्याने आधी एकी द्यावी लागते. ज्याला रोज दूर बसवले, त्याला संपाच्या दिवशी ‘भाऊ’ म्हणून हाक मारणे पुरेसे नाही. मात्र याचा उलटा अर्थ काढून कोणी म्हणेल की आमचे दुखणे आहे, म्हणून आम्ही कधीही संप फोडू, तर तेही बाबासाहेबांचे म्हणणे नव्हे. त्यांनी अट आधी उघडपणे सांगितली, समोरासमोर सांगितली. मागच्या दाराने ते कधी गेले नाहीत.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आहे. कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघाने बहुमताने केला. सिद्धार्थाने सभेत उघड विरोध केला. ठराव झाल्यावर तो युद्धात सामील झाला नाही, पण आपल्या नकाराची शिक्षा कुटुंबावर येऊ न देता परिव्रज्या पत्करून त्याने ती स्वतः सोसली. मतभेद असणाऱ्या कामगारासाठी हा मोठा धडा आहे. सभेत बोला, मत नोंदवा, संप चुकीचा वाटला तर तोंडावर सांगा. पण सभेत हात वर करायचा आणि पहाटे गुपचूप हजेरी लावायची, याला मतभेद म्हणत नाहीत.

कामावर जाणारे सगळे एका मापाचे नसतात, हेही लक्षात घ्या. घरात आजारपण, सावकाराचा तगादा, महिनोन् महिने पगार नाही. अशा स्थितीत परतलेला चालक एक. बढतीच्या आशेने गेलेला दुसरा. संपाच्या काळात कंत्राटावर स्टिअरिंग धरणारा बेकार तरुण तिसरा. त्याची गरज खरी, पण जागा दुसऱ्याची. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. तेव्हा निवाडा करताना हेतू पाहा. जो संप भुकेल्या घरापर्यंत शिधा पोचवू शकत नाही, त्याने त्या घराला गद्दार म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तेव्हा अखेर सर्वांनाच एकाच डेपोत, एकाच बाकावर बसावे लागले.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या समाजाला विशेष लागू आहे. गेटवर उभे राहा, हात जोडा, समजावा, लाज वाटेल असे बोला. तो तुमचा हक्क आहे. पण दगड नको, मारहाण नको, आणि त्याच्या बायकामुलांवर बहिष्कार तर मुळीच नको. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर गावोगावी आपल्या लोकांवर बहिष्कार पडले. दुकानातला माल आणि शेतावरचे काम बंद होणे काय असते, हे ज्यांच्या आजोबांनी भोगले, त्यांनी ते हत्यार शेजाऱ्यावर उचलू नये.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही कोणी कामगार व्हाल, कोणी अधिकारी. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम, योग्य अन्न-वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळेवर विश्रांती. अधिकारी झालात तर ही पाळा, म्हणजे गेट ओलांडण्याचा प्रसंगच येणार नाही. कामगार झालात तर न्याय्य संपाची रेषा ओलांडू नका. आणि ज्याला ओलांडावी लागली, त्याच्यासाठी परतीची वाट बंद करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!