जुन्या गोव्यातील बिशपांचा वाडा
(भोकरदन येथील साक्षरता वर्गातील भाषण)



आज आपण जुनं गोवा पाहू. हे गाव मांडवी नदीच्या काठी आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी ते जिंकलं. पोर्तुगीज लोक ख्रिस्ती. ख्रिस्ती धर्माच्या मोठ्या अधिकाऱ्याला बिशप म्हणतात. १५३४ साली इथं बिशपांची गादी झाली. पुढं ती आर्चबिशपांची, म्हणजे बिशपांवरच्या बिशपांची, झाली. त्यांचा मान केवढा! राजाचे अधिकारी इथंच, धर्माचे अधिकारीही इथंच. त्या काळात आसपासची देवळं पाडली गेली.

आता आत चला. समोर दिसतं ते 'से' नावाचं मोठं चर्च. त्याचं काम १५६२ साली सुरू झालं, ते १६१९ साली पुरं झालं. त्याला दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला. चर्चला लागून जुना वाडा आहे. तोच आर्चबिशपांचा वाडा. पलीकडच्या मठात १९६४ पासून सरकारी संग्रहालय आहे. तिथं पोर्तुगीज अधिकाऱ्यांची चित्रं आहेत. आपल्या जुन्या मूर्ती आणि वीरगळही आहेत.

तुम्ही विचाराल, एवढं मोठं शहर, मग माणसं गेली कुठं?

बरं का, शहर मोडलं ते रोगराईनं. घाण जमिनीत मुरे. तीच विहिरीच्या पाण्यात उतरे. पटकी आली, हिवताप आला. माणसं पटापट मेली. उरलेली गाव सोडून निघाली. १६९५ साली राजाचा मुख्य अधिकारी पणेलीला राहायला गेला. आर्चबिशपांनीही वाडा सोडला. १८४३ साली पणजी राजधानी झाली. भिंती जाडजूड होत्या, दारावर पहारे होते. पण पाण्यातून आलेला रोग पहारेकऱ्याला थोडाच विचारतो?

आपलं भोकरदनही एके काळी मोठं नगर होतं. त्याचं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. म्हणून गावाचा अभिमान जरूर धरा. पण आधी विहिरीकडे बघा. विहिरीजवळ शौचाला बसू नका. तिथं उकिरडा करू नका. गुरं धुऊ नका. पावसाळ्यात पाणी उकळून प्या.

आता तुम्हांला वाचता येतं. जुन्या गोव्याला गेलात, तर पाटी स्वतः वाचा. आणि आपल्या विहिरीवर स्वतःच्या हातानं पाटी लिहा : 'पाणी स्वच्छ ठेवा.'

रामराम.