देशदर्शनाची मर्यादा



मराठी माणसाची प्रवासाची हौस जुनीच आहे. काशीयात्रेहून सुखरूप परतल्यावर मावंदे घालून गंगापूजन करण्याची चाल ज्या घराण्यांत होती, त्याच घराण्यांतील आजची पिढी दिवाळीच्या सुट्टीत केरळ, राजस्थान, सिक्कीम किंवा अंदमान पाहून येते. ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. ज्याने आपला देश डोळ्यांनी पाहिला, त्याला तो नकाशावरची आकृती म्हणून भेटत नाही. नद्या, डोंगर, भाषा आणि माणसे यांच्या रूपाने भेटतो. परंतु 'आठ दिवसांत बारा ठिकाणे' अशा वेगाने केलेल्या सहलीतून नेमके काय पाहिले जाते आणि पाहिलेल्या स्थळाचे मागे काय होते, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

भारताचा विस्तार उत्तर-दक्षिण सुमारे ३,२०० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २,९०० किलोमीटर आहे. अरुणाचलात सूर्य उगवतो, त्यानंतर जवळजवळ दोन तासांनी तो गुजरातच्या पश्चिम टोकाला दिसतो. एवढ्या प्रदेशात निसर्गाने काय निर्माण केलेले नाही? आश्चर्य पाहण्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे त्याचे घरातले उदाहरण.

दख्खनच्या काळ्या पाषाणावर अवकाशातून एक अशनी येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. बसाल्ट खडकात अशा आघाताने बनलेली विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार वाहते आणि तळाशी मात्र खारट, क्षारयुक्त पाणी आहे. लवणासुराचा वध विष्णूने येथे केला, ही स्थानिक कथा त्या खारेपणाची आठवण जपते. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेची साक्ष देते. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु काठावरील वस्तीच्या सांडपाण्यापासून सरोवराचे रक्षण व्हावे, यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, हेही विसरता येत नाही. हे पाणी खारे राहिले, तरच ते लोणार. त्यात बाहेरचे पाणी मिसळत गेले, तर विवर उरेल आणि वैशिष्ट्य संपेल. निसर्गाच्या प्रत्येक आश्चर्याला अशी एक मर्यादा असते आणि ती ओलांडली गेली, की पाहण्यासारखे काही उरत नाही.

ही मर्यादा ओळखून वागण्याची रीत देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेघालयात, फार सुंदर रूपात दिसते. तेथील मॉसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या पंधरापटीहून अधिक. अशा पावसात लाकडी पूल कुजतात, वाहून जातात. म्हणून खासी आणि जैंतिया समाजांनी पूल बांधण्याऐवजी ते वाढवले. ओढ्याकाठच्या रबरवडाच्या कोवळ्या मुळ्या सुपारीच्या पोकळ खोडातून किंवा बांबूच्या आधाराने पैलतीराकडे वळवायच्या आणि त्या भरण्याची वाट पाहायची. पूल वापरण्याजोगा होण्यास पंधरा ते तीस वर्षे लागतात. जो लावतो तो बहुधा मुलांसाठी लावतो. नोंगरियातचा दुमजली पूल पाहण्यासाठी तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. त्या पायऱ्यांनीच आजवर गर्दीला आवर घातला आहे.

शिलाँगपासून जवळच मॉफलांगची देवराई आहे. त्या वनातून पानही बाहेर न्यायचे नाही, असा नियम आहे. तेथे तारेचे कुंपण नव्हे, तर श्रद्धा रखवाली करते. सह्याद्रीतील देवरायांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा नियम परका वाटणार नाही. भाषा, वेश, आहार सारे भिन्न असताना, देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा संकेत कोकणात आणि खासी टेकड्यांत सारखाच आढळतो. देशाची एकात्मता शोधायची, तर ती अशा ठिकाणी शोधावी.

मर्यादा मोडल्यावर ती पुन्हा सावरताही येते, याचे उदाहरण ओडिशातील चिलिका सरोवराने घालून दिले आहे. समुद्राला लागून असलेल्या या विशाल खाजणात गोडे आणि खारे पाणी मिसळते. त्या मिसळण्यावरच तेथील मासळी, इरावती डॉल्फिन, स्थलांतरित पक्षी आणि मच्छीमारांची चूल अवलंबून आहे. समुद्राकडचे मुख गाळाने बुजत गेले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी रोडावली. १९९३ मध्ये चिलिकाचे नाव धोक्यातील पाणथळ क्षेत्रांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासाअंती सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले. खारे पाणी परतले, त्यामागोमाग मासळी परतली आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आले. सरोवराच्या उत्तर काठावरील मंगळाजोडी गावात एकेकाळी पक्ष्यांची शिकार होत असे. तेथील पूर्वीचे शिकारी पुढे पक्ष्यांचे राखणदार झाले आणि आता लांब बांबूने नाव ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवतात. इंजिनाचा आवाज न करता सरकणाऱ्या त्या नावेत बसणाऱ्याला पक्षी जवळून दिसतात. याउलट, डॉल्फिनचा पाठलाग करणाऱ्या यांत्रिक बोटीतून दिसते ती बहुधा त्याची पळणारी पाठ.

हिमालयात हा प्रश्न अधिक उग्र होतो. ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीभोवतीचे खोरे ऋषिगंगेच्या दुर्गम घळीमुळे शतकानुशतके जवळपास अस्पर्श राहिले होते. १९७४ पासून गिर्यारोहकांच्या मोहिमा तेथे मोठ्या संख्येने जाऊ लागल्या आणि अवघ्या काही वर्षांत कचरा साचला, सरपणासाठी झुडुपे तुटली. अखेर १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर करून तो गाभा गिर्यारोहणासाठी बंद करण्यात आला. १९८८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. दरवाजा बंद केल्यामुळे वाचलेले हे सौंदर्य आहे.

त्याच खोऱ्याच्या परिसरातील जोशीमठ मात्र बदरीनाथ, हेमकुंड आणि औली यांच्या वाटेवरचे गाव. त्याचा दरवाजा सदैव उघडा. हे गाव जुन्या दरडीच्या राशीवर वसले आहे, येथे अवजड बांधकामे टाळावीत, असा इशारा गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्र यांच्या समितीने १९७६ मध्येच दिला होता. इशारा कागदावर राहिला, इमारती वाढत गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले आणि कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. त्यापूर्वी जून २०१३ मध्ये केदारनाथच्या माथ्यावरील चोराबारी तलाव फुटला आणि हजारो माणसे गेली. प्राचीन मंदिर उभे राहिले; भोवती दाटीने वाढलेली वस्ती वाहून गेली.

वस्तुतः या यात्रांची जुनी रचना फार विचारपूर्वक केलेली होती. हिवाळ्यात केदारनाथाची कपाटे बंद होतात आणि पूजा उखीमठला होते. म्हणजे सहा महिने देवही डोंगराला विश्रांती देतो. उरलेल्या काळात चढणीचा मार्ग, थंडी आणि शिधा यांमुळे यात्रेकरूंची संख्या आपोआप मर्यादित राहत असे. रुंद रस्ते आणि हेलिकॉप्टर यांनी वृद्धांना व दुर्बलांना दर्शन घडवले, हे त्यांचे मोठे उपकार. पण वाटेने घातलेला आवर त्यांनी काढून घेतला. म्हणून जो आवर पूर्वी वाट घालत असे, तो आता पाहणाऱ्यानेच स्वतःला घालून घेतला पाहिजे.

तो कसा घालावा, हे नर्मदेची परिक्रमा शिकवते. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, पायी चालायचे. जवळ किमान सामान, मिळेल ती भिक्षा आणि चातुर्मासात एका जागी मुक्काम. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा प्रपात परिक्रमावासीही पाहतो, परंतु त्याचे स्थान नदीच्या मालकाचे नसते. तो तिचा पाहुणा असतो. गो. नी. दांडेकर यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मधून ही परिक्रमा अनेक मराठी घरांत पोहोचली. प्रत्येकाला एवढे चालणे शक्य नाही. परंतु त्यामागची वृत्ती आठ दिवसांच्या सहलीतही सोबत नेता येते.

महाराष्ट्रात साताऱ्याजवळील कासच्या पठारावर तिचा प्रत्यय घेता येईल. जांभ्या कातळावरील मातीचा थर तेथे इतका पातळ आहे, की छायाचित्रासाठी फुलांत टाकलेले एक पाऊल पुढच्या वर्षीचा बहर तुडवते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. हंगामात रोजच्या पाहुण्यांच्या संख्येवर बंधन घालून, वनखाते आणि आसपासच्या गावांच्या समित्या पठाराची राखण करतात. प्रवेश मिळाला नाही, म्हणून फाटकावरच्या तरुणाशी वाद घालणारे सुशिक्षित गृहस्थ तेथे दिसतात. तो तरुण त्यांच्याच नातवंडांसाठी फुले राखत असतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीचा बेत आखताना कुटुंबांनी काही साधे संकल्प करण्यास हरकत नाही. पाच स्थळांऐवजी दोन स्थळे निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहावे. हंगामाची गर्दी टाळता आली, तर टाळावी. स्थानिक घरी उतरावे, तेथील माणसाला वाटाड्या घ्यावे, त्याच्या भाषेतील चार शब्द मुलांना शिकवावेत. नेलेला कचरा परत आणावा. आणि 'येथून पुढे जाऊ नये' अशी पाटी दिसली, तर मुलांचा हात धरून तेथेच थांबावे. ते थांबणे हाही देशदर्शनाचाच भाग आहे.

काशीहून आणलेला गंगेचा गडू पूर्वी घरोघरी देवघरात असे. त्या मोहोरबंद गडूत पाणी ओंजळभरच मावे. पण ते पिढ्यान्‌पिढ्या जपले जाई. देशाकडून किती घ्यावे आणि घेतलेले कसे सांभाळावे, याचे माप त्या गडूने कधीच घालून दिले आहे.