अळीला सातबारा ठाऊक नाही
(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने किडींवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच सप्टेंबरात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर. तिचा पतंग निशाचर. एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. मादी पानावर शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालून त्यावर आपल्या अंगावरील लव पसरते. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि पुढे पोंग्यात शिरतात. पोंगा विष्ठेने बुजला की वरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचतच नाही.

तरीही आपला सारा भर फवारणीवर. तिचा खर्च एकेका शेतकऱ्याच्या खाती, आणि पुष्कळदा औषध उधार देणारा दुकानदारच त्याचा सल्लागार! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक कापसाचे होते. पाठीवरचा पंप मात्र येथेही तोच आहे. शिवाय मी फवारले आणि शेजाऱ्याला ते परवडले नाही, तर त्याच्याकडील पतंग माझ्याकडे येणारच. संकट साऱ्या शिवाराचे असता बंदोबस्त एकेकट्याने करावयाचा, हा कोणता हिशेब?

अंड्यांचे पुंजके हातांनी वेचून चिरडता येतात. खुरपणीच्या बायकांना ते दाखवून दिले की पुरे. पेरणीनंतर महिना-सव्वा महिना, आठवड्यातून दोनदा, गावातील मक्याची सर्व शेते बांध न पाहता तपासावीत आणि ही मजुरी रोजगार हमीतून द्यावी, अशी माझी सूचना आहे. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्याने खडी फोडली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. खडीपेक्षा हे काम अधिक उत्पादक नाही काय?

खासगी शेतात सरकारी पैसा कसा, असे कोणी विचारील. १९९० पासून याच रोजगार हमीतून खासगी शेतांत फळबागा लावल्या गेल्या. सांगोल्याची डाळिंबे त्याची साक्ष देतील. तेव्हा कोणाचे तत्त्व आडवे आले नाही.

खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत हा ठराव प्रथम कोणत्या गावाने मांडावयाचा, एवढे आज येथेच ठरवू या.