बोर्डाला हात लागला, म्हणून काय झाले?



बास्केटबॉलच्या सामन्यात एक ओरड हमखास कानी पडते : 'बोर्डाला हात लागला, गुण द्या!' पंच खेळ चालूच ठेवतो, आणि आपण प्रेक्षक त्याला पक्षपाती ठरवून मोकळे होतो. हा निवाडा देण्यापूर्वी नियम काय म्हणतो, ते आज आपण पाहू.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला दोन टोपल्या ठोकल्या. उंची १० फूट. सज्जात बसलेले प्रेक्षक जवळ आलेल्या चेंडूला आपल्या पक्षाच्या सोयीने हात लावू लागले. त्यांना आवरण्यासाठी टोपलीमागे आडोसा आला. तोच आजचा बोर्ड.

आता नियम. आपल्याकडेही चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन प्रसंग वेगळे मानले आहेत. पहिला, चेंडू हवेत आहे. तो अडवण्यासाठी बचाव करणारा गडी उडी घेतो, चेंडू हुकतो आणि पंजा बोर्डावर आपटतो. एवढ्याने नियमभंग होत नाही. बोर्ड किंवा रिंग हादरली आणि त्यामुळेच चेंडू आत जायचा राहिला, असे पंचाचे मत झाले, तरच गुण दिले जातात. दुसरा, चेंडू रिंगला टेकलेला आहे. अशा वेळी बोर्डाला नुसता स्पर्शही नियमभंगच. तो हादरला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. हाच नियमभंग चढाई करणाऱ्या गड्याने केला, तर गुण मिळत नाहीत आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

हा भेद का? कडेवर डळमळणाऱ्या चेंडूचे भवितव्य केसभर हालचालीने बदलते, आणि ती हालचाल कोणत्या पंचाला मोजता येणार? म्हणून तिथे स्पर्शच वर्ज्य केला. चेंडू हवेत असताना मात्र प्रत्येक स्पर्श गुन्हा ठरवला, तर प्रामाणिक उडीलाच शिक्षा होईल. म्हणून तिथे परिणाम पाहायचा. याचे बीज नेस्मिथच्या मूळ तेरा नियमांतच आहे : चेंडू कडेवर असताना प्रतिपक्षाने टोपली हलवली, तर गोल झालाच असे समजावे.

तेव्हा पुढच्या सामन्यात हात पाहण्याआधी चेंडू कोठे होता, ते आपण पाहू. बोर्ड आला तो आम्हा प्रेक्षकांचे हात आवरण्यासाठी. जीभ आवरण्याचे काम मात्र आमचे आम्हालाच केले पाहिजे.