वर्गणी थकलेल्यांचा पेपर

(सोलापुरात आपल्या मंडळींसमोर केलेलं भाषण. बोलताना सुटलेलं थोडं घालून छापत आहोत.)



सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरलो आणि चालत चार पुतळ्यांपाशी आलो. तिथं चहा घेतला. चहावाल्या पोराला विचारलं, हे चौघं कोण रे? म्हणाला, हुतात्मे, फाशी गेले. बरोबर आहे त्याचं. १९३० साली मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. पण यातला कुर्बान हुसेन पेपर चालवत होता, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नाही. मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. 'गझनफर' त्याच्या पेपरचं नाव. विशीतला पोरगा, गिरणी कामगारांत उठबस, आणि हातात स्वतःचा पेपर. इथं बसलेले निम्मेअधिक त्याच्याच वयाचे आहेत.

मला विषय दिलाय 'स्वतंत्र माध्यमांचे स्टार्टअप'. हा शब्द कुणी घातला माहीत नाही. मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. स्टार्टअप म्हंजे दुसऱ्याच्या पैशावर दुकान टाकायचं, गिऱ्हाईक वाढवायचं आणि दुकान चढ्या भावानं विकून मोकळं व्हायचं, असं मी समजतो. चुकत असेल तर नंतर सांगा. पेपर काढायचा धंदा आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच केला. विकायला मात्र कुणाकडे काही नव्हतं.

पण हे सगळं आज कशासाठी बोलतोय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आला मुंबईहून इतिहास सांगायला. आपल्यासमोर एक देणं आलंय. शहरातला एक पुढारी आपल्याला यूट्यूब चॅनेल काढून देतो म्हणतोय. कॅमेरा, कॉम्प्युटर, बुधवार पेठेत एक खोली आणि दोन पोरांचा पगार वर्षभर. अट काय, असं आपल्या पोरांनी विचारलं. म्हणाले, अट काही नाही, समाजासाठी करतोय. आज चर्चा करून संध्याकाळी त्यांना कळवायचंय. म्हणून मला बोलावलं. आता बोलतो.

१ जुलै १९०८ ला पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला. मुरळ्या सोडायच्या चालीविरुद्ध त्या मासिकातून मोहीम चालवली. नागपूरला किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' काढला, तो थांबला. १९१३ साली 'विटाळ विध्वंसक' काढला, तोही थांबला. १९१८ साली 'मजूर पत्रिका'. एक मेला की दुसरा. ह्या माणसाचं मला फार नवल वाटतं. आपल्यात एक अंक तोट्यात गेला की सहा महिने कुणी कुणाचा फोन उचलत नाही.

मग ३१ जानेवारी १९२०, शनिवार, 'मूकनायक'. तारीख तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, दरवर्षी त्या दिवशी स्टेटस ठेवता. पण त्याचा जमाखर्च किती जणांनी वाचलाय? शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, त्यावर पेपर उभा राहिला. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पेपर निघतोय एवढी जाहिरात 'केसरी'त द्यायची होती. फुकट नव्हे, पैसे मोजून. केसरीनं छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. म्हंजे आपला पैसा खोटा नव्हता, आपलं नाव बाटलेलं होतं. हे मी कुणाला शिवी द्यायला सांगत नाही. पैसे असूनही दुसऱ्याच्या छापखान्याचं दार कसं बंद होतं, ते लक्षात राहावं म्हणून सांगतोय.

जुलैत बाबासाहेब लंडनला गेले. मागं ज्ञानदेव घोलपांनी गाडा ओढला. १९२३ पर्यंत पेपर बंद.

आता तुमच्यातला कुणीतरी उठून म्हणणार, दादा, बाबासाहेबांनी राजाचे पैसे घेतले, मग आपण पुढाऱ्याचे घेतले तर काय बिघडलं? मीही स्वतःला हेच विचारत गाडीत बसलो होतो. घेतले, खरं आहे. शाहू महाराजांनी दर महिन्याला फोटो छापा म्हणून सांगितलं नाही, हेही खरं आहे. असा देणारा मिळाला तर घ्या, मी आडवा येणार नाही. पण ते २५०० रुपये पेपरला तीन वर्षं धड पुरले नाहीत. देणगीनं पेपर जन्माला येतो. रोजचं दूध कुठनं येणार ते ठरलेलं नसेल तर पोर मरतं.

हे बाबासाहेबांना आपल्याआधी कळलं. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ ला झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला. तळ्याचं पाणी पिऊन चौदा दिवस झाले होते. मुंबईच्या पेपरांत महाडवर चिखलफेक चालली होती, त्याला उत्तर द्यायला स्वतःचं पान पाहिजे होतं. पण लिहायला माणसं नव्हती. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं भरले. बॅरिस्टर माणूस, एक पै न घेता. आणि वर्गणीदार? थकलेले! ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांना अग्रलेखच ऋणावर लिहावा लागला. बहिष्कृत भारताचं आपल्यावर काही देणं लागतं की नाही, असा सवाल वाचकांना टाकला. सवाल बामणांना नव्हता, सरकारला नव्हता. आपल्याला होता. पेपर नोव्हेंबर १९२९ ला बंद पडला.

हा अग्रलेख आपल्या जयंतीत कुणी वाचत नाही. वाचून बघा. टाळ्या वाजायच्या थांबतील.

सोलापूरचंच एक सांगतो. बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ ला इथं, ह्या शहरात, विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. जिवाप्पा ऐदाळे बघायचे. त्या वसतिगृहातल्या पोरांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक काढलं. फीचे वांधे असलेली पोरं. दिवा लावून अभ्यास करायचा आणि उरलेल्या वेळात मासिक. त्यांना कुणी कॅमेरा देतो म्हणून आलं नव्हतं.

पुढं बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना केला, भारत भूषण. 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झाला आणि अडखळत का होईना १९५६ पर्यंत चालला. मग ४ फेब्रुवारीला त्याचं नाव 'प्रबुद्ध भारत' केलं. म्हंजे पंचवीस वर्षं. मागं पक्ष होता, संघटना होती आणि खिळे आपले होते, मशीन आपलं होतं. म्हणूनच १९४६ च्या दंगलीत तो छापखाना जाळला. नंतरचा बुद्ध भूषण छापखाना दादरच्या आंबेडकर भवनात होता, तो २५ जून २०१६ च्या पहाटे बुलडोझर लावून पाडला. मी तेव्हा शाळकरी पोरगा, टीव्हीवर ढिगारा बघितला. आमची आजी म्हणाली, पुतळा फोडला की आपली माणसं रस्त्यावर येतात, छापखाना पाडला तर येतील का? आली, जुलैत मुंबईत मोठा मोर्चा निघाला. पण आजीचा प्रश्न मला अजून टोचतो.

तुम्ही म्हणाल आता मशीन कुठं लागतं, मोबाईल पुरे. खरं आहे. बुंदेलखंडात, चित्रकूटला, २००२ साली 'खबर लहरिया' निघाला. बायका चालवतात, बऱ्याचशा दलित बायका. बुंदेलीत लिहायच्या, छापून गावोगाव स्वतः विकायच्या. आता मोबाईलवर चित्रण करतात, त्यांच्यावरचा सिनेमा २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. ३१ जानेवारी २०२१ ला मीना कोटवाल यांनी 'द मूकनायक' सुरू केला, तारीख मुद्दाम तीच धरली. आणि हे का लागतं तेही ऐका. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी मोजदाद केली. बातम्यांच्या कारभारातल्या वरच्या १२१ खुर्च्या त्यांनी बघितल्या. १०६ वर सवर्ण. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. केसरीनं जाहिरात नाकारली त्याला ९९ वर्षं झाली होती.

पण मोबाईल आपला, चॅनेल आपलं नाही, ध्यानात धरा. चॅनेल कंपनीचं. तिनं एक बटण दाबलं की तुमचे वीस हजार बघणारे गेले. त्यातल्या एकाचाही पत्ता तुमच्याकडे नसतो. वर्गणीदाराच्या वहीत पत्ता असतो, फोन असतो. दंगल होवो, नेट बंद होवो, वही घेऊन वस्तीत जाता येतं. माझ्या मते ती वही हेच आपलं भांडवल.

मलेशियाचं वाचलं ते सांगतो. तिथं छापील पेपर सरकारच्या वळणातल्या लोकांच्या हातात, म्हणून १९९९ साली दोघा पत्रकारांनी इंटरनेटवर 'मलेशियाकिनी' काढला. पुढं वाचकांकडून वर्गणी घ्यायला लागले. वाचकांनी खाली लिहिलेल्या शेऱ्यांवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टानं त्यांना पाच लाख रिंगिट दंड ठोठावला. वाचकांनी काही तासांत रक्कम जमा केली. कोरियात २०१२ साली नोकरीवरून काढलेल्या आणि संपावरच्या पत्रकारांनी 'न्यूजतापा' काढला. जाहिरात घेत नाहीत, सभासदांच्या पैशावर चालतो. ती माणसं काय आपल्यापेक्षा क्रांतिकारी आहेत? तिथं खिशात पैसा जास्त आहे, मान्य. पण आपल्यातही डीजेला पैसा निघतो. एका रात्रीच्या डीजेत आपले किती अंक निघतील ते मी इथं काढत नाही. तुम्हाला दर माहीत आहेत.

आता माझं पाप सांगतो. हे बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो.

तीन वर्षांपूर्वी गोदीत आम्ही चौघांनी चार पानांचं पत्रक काढलं. नाव सांगत नाही, मेलेल्या पोराचं नाव कशाला. माणशी वीस रुपये काढून झेरॉक्स करायचो. पाळी सुटताना गेटवर वाटायचो. तीन अंक निघाले. चौथ्याला पैसे कमी पडले. कुणी म्हणालं पगार झाला की देतो, कुणी म्हणालं घरी गेलो की देतो. मग आमच्यातल्या एकानं माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडनं दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात आणली. पाच हजार. मागच्या पानावर त्याचा हात जोडलेला फोटो. आम्हाला वाटलं शुभेच्छाच आहेत, त्यात काय.

दोन महिन्यांनी आमच्या टोळीतल्या एका माणसाचा पाय पोलादाच्या गुंडाळीखाली गेला. मराठवाड्यातला माणूस, बायको ऊसतोडीला. त्याच ठेकेदाराचा कामगार. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत त्याचं नावच नाही. मी बातमी लिहिली. तारीख, वेळ, कुठल्या शेडमध्ये, कोण मुकादम, सगळं. रात्री चौघं बसलो. एक म्हणाला, पुढच्या अंकात घेऊ. दुसरा म्हणाला, अंकच निघणार नाही रे मग. आणि मी, मी म्हणालो, मी यावर कविता लिहितो.

लिहिली. छापली. गेटवर पोरांनी वाचून पाठीवर थाप मारली. मुंबईतल्या एका कविसंमेलनात ती वाचली, तिथंही वाहवा झाली. कवितेत त्या माणसाचं नाव नव्हतं, ठेकेदाराचं नव्हतं, तारीख नव्हती. त्याचा भाऊ अंक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, ह्यात आमचं काय आलं? वकिलानं विचारलंय, तो कामावर होता याला कागद काय आहे? माझ्याकडे कागद होता. बातमीचा खर्डा, मी फाडून टाकलेला.

ठेकेदारानं आम्हाला एकदाही फोन केला नव्हता. हे छापू नका असं तो कधी बोललाच नाही. पाच हजारांत त्यानं आमची जीभ घेतली नाही, ती आम्ही स्वतःच आत ओढली. म्हणून तो पुढारी 'अट काही नाही' म्हणतो ते मला खरं वाटतं. त्याला अट घालायची गरजच पडणार नाही. उद्या महापालिकेच्या सफाई कामगारांचे पगार थकले, विडी कामगार बायकांची मजुरी कापली, यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणाचा हात गेला, तर तुम्ही रात्री खोलीत बसून आपसातच बोलाल. पुढच्या व्हिडिओत घेऊ म्हणाल. त्या खोलीचं भाडं कोण भरतं हे कुणी उच्चारणार नाही.

माझं मत असं. त्यांना नाही म्हणून कळवा, सभ्यपणानं, भांडण करू नका. चॅनेल काढा, आपल्याच मोबाईलवर काढा, फाटकं दिसलं तरी चालेल. अंक बंद करू नका. आत्ता पाचशे अंक निघतात, किंमत तीस. सगळ्यांनी पैसे दिले तर पंधरा हजार, आणि खर्च चौदा हजार. म्हंजे हिशेबात अंक चालतो! वहीत बघितलं तर वर्गणी भरलेले एकशे ऐंशी, म्हंजे पाच हजार चारशे. उरलेले तीनशेवीस कोण ते मी सकाळी वाचत बसलो होतो. त्यात शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, दोन वकील आहेत. नावं वाचत नाही, घाबरू नका.

त्यात एकोणतिसाव्या पानावर माझंही नाव आहे. दोन वर्षांची थकलेली. मुंबईला अंक पोस्टानं येत होता, मी वाचत होतो, त्यात माझ्या कविता छापून येत होत्या, आणि पैसे मी दिले नव्हते. वर्षाचे चार अंक, दोन वर्षांचे आठ, दोनशेचाळीस रुपये. हे घ्या. पावती फाडा माझ्या नावाची, आणि वही इकडून तिकडे फिरू द्या. माझी गाडी रात्रीची आहे. तोवर मी इथंच बसतो.